गॅलेक्सी ए१५ की ए१६: कोल्हापुरात घेणाऱ्यानं काय बघावं

सॅमसंगचा गॅलेक्सी ए१५ ५जी भारतात डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि त्याच्या जागी ए१६ ५जी ऑक्टोबर २०२४ मध्ये. ए१५ चं ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजचं मॉडेल निघालं तेव्हा १९,४९९ रुपयांना होतं. तेवढ्याच रॅम-स्टोरेजचा ए१६ निघाला १८,९९९ ला. निघतानाच्या भावात नवा फोन जुन्यापेक्षा पाचशेनं स्वस्त, त्यामुळे त्या वेळी ‘कुठला घेऊ’ हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. आता ए१५ बहुतेक वेळा उरलेल्या मालात किंवा सेकंडहँडच्या कपाटात भेटतो आणि राजारामपुरीतला दुकानदार सांगतो, “आतनं दोन्ही सारखेच आहेत, हा घ्या, पैसे वाचतील.” त्याचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे. उरलेल्या भागात मात्र तुमचे पैसे वाचतात की वाया जातात ते ठरतं, म्हणून तोच भाग नीट बघू.

आधी सारखं काय ते उरकू. दोन्हींना सुपर अ‍ॅमोलेड पडदा, फुल एचडी प्लस, ९० हर्ट्झ, उन्हात ८०० निट्सपर्यंत उजेड. दोन्हींत ५,००० एमएएचची बॅटरी आणि २५ वॉटचं चार्जिंग, आणि दोन्हींच्या डब्यात चार्जर नाही. मागे ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, ५ चा अल्ट्रावाइड, २ चा मॅक्रो. पुढे १३ चा. बोटाचा ठसा कडेच्या बटणावर. सिमचा ट्रेही त्याच पद्धतीचा: दोन सिम घाला, नाहीतर एक सिम आणि एक मेमरी कार्ड. घरचं एक आणि धंद्याचं एक अशी दोन सिम वापरणाऱ्याला कार्डाची सोय राहत नाही, म्हणून त्यानं कुठलाही घेतला तरी २५६ जीबीचा विचार आधी करावा.

प्रोसेसरचं नाव बदललंय, काम फार बदललेलं नाही. ए१५ मध्ये डायमेन्सिटी ६१०० प्लस, भारतातल्या ए१६ मध्ये डायमेन्सिटी ६३००. दोन्ही ६ नॅनोमीटरचे. दोन मोठे कोअर आणि सहा छोटे, तीच रचना, आणि ग्राफिक्सचा भागही तोच. मोठ्या कोअरचा वेग २.२ वरून २.४ गिगाहर्ट्झ झाला, एवढाच फरक. व्हॉट्सअ‍ॅप, युपीआय, यूट्यूब, सातबारा बघणं यात तो हाताला जाणवणार नाही. ‘नवा प्रोसेसर आहे’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि जड गेम खेळायचे असतील तर हे दोन्ही फोन त्यासाठी नाहीत.

कॅमेऱ्याचंही तसंच. शाहू स्टेडियमवर संध्याकाळच्या मॅचला गोल टिपायचा, किंवा खासबागेत वरच्या पायरीवरून कुस्तीचा डाव धरायचा, तर दोन्ही फोन सारखेच कमी पडतात. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स नाही, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन नाही, व्हिडिओ १०८० पिक्सेलचा, सेकंदाला ३० फ्रेम. झूम केलं की चित्र फुटतं. दिवसाउजेडी रंकाळ्यावर घरच्यांचा फोटो दोन्हींत छान येतो. कॅमेऱ्यावरून या दोघांत निवड करू नये, करताच येणार नाही.

आता फरकाकडे. सगळ्यात मोठा फरक दुकानात दिसतच नाही, कारण तो पुढच्या वर्षांचा आहे.

दोन्ही फोन अँड्रॉइड १४ वर निघाले. ए१५ ला सॅमसंगनं चार मोठे अँड्रॉइड अपडेट आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचं जाहीर केलं. ए१६ ला सहा मोठे अपडेट आणि सहा वर्षं सुरक्षा. म्हणजे ए१५ अँड्रॉइड १८ पर्यंत जाईल, ए१६ अँड्रॉइड २० पर्यंत. इथं बहुतेकांचा एक गैरसमज होतो. ही वर्षं तुम्ही बिल फाडलं त्या दिवसापासून मोजली जात नाहीत, मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजली जातात. ए१५ चं सुरक्षा अपडेट साधारण २०२८ च्या शेवटी संपतं, मग तो तुम्ही २०२४ ला घेतलेला असो की सील न फोडलेला आज घेतलेला असो. ए१६ चं २०३० च्या ऑक्टोबरच्या आसपास.

याचा अर्थ २०२९ च्या जानेवारीत ए१५ बंद पडेल असा नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं अँड्रॉइड ४.४ चा आधार २०२५ च्या सुरुवातीला काढला आणि तो अँड्रॉइड २०१३ मधला होता, म्हणजे अ‍ॅप बरीच वर्षं चालतात. काळजी सुरक्षेची आहे. ज्या फोनवर बँक आहे, दुकानाचा क्यूआर आहे, दूध संघाचं किंवा कारखान्याचं बिल जमा होतं तो खात्याचा मेसेज आहे, त्या फोनमध्ये नवं भोक सापडल्यावर ते बुजवणारं कुणी राहणार नाही. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीत माणसाची वर्षाची पुंजी जाते. म्हणून मी या एका मुद्द्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन देतो.

किंमत याच हिशोबानं तपासा. उरलेली सुरक्षेची वर्षं मोजा आणि किमतीला त्यांनी भागा. समजा २०२६ च्या सुरुवातीला घेताय आणि ए१६ पंधरा हजाराला मिळतोय. पावणेपाच वर्षं उरली, वर्षाला साधारण ३,२०० रुपये पडले. ए१५ ची तीन वर्षं उरली, तर तो साडेनऊ हजाराच्या आसपास मिळाला तरच बरोबरी झाली. दुकानदार हजार-दीड हजाराच्या फरकानं ए१५ देऊ करत असेल तर त्यात तुमचा फायदा नाही. तुमच्या दिवशीचे भाव टाकून हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो.

एक गोष्ट यात धरायला हवी, ती बॅटरीची. रोज चार्ज होणारी बॅटरी तीन-चार वर्षांनी दमते. ए१६ पूर्ण मुदत वापरायचा असेल तर मध्ये एकदा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलण्याचा खर्च गृहीत धरा. तो धरूनही ए१६ पुढेच राहतो, पण हिशोब पुरा असावा.

दुसरा फरक कोल्हापुरासाठी खास महत्त्वाचा आहे: पाणी आणि धूळ. ए१५ ला कुठलंही आयपी रेटिंग, म्हणजे पाणी-धुळीपासून बचावाचा ठरलेला दर्जा, नाही. ए१६ ला आयपी५४ आहे. यातला ५ धुळीचा: धूळ थोडी गेली तरी काम बिघडणार नाही इतपत बचाव. ४ पाण्याचा: कुठल्याही बाजूनं उडालेले शिंतोडे सहन होतील. बुडवलं तर नाही. बादलीत पडला, नळाखाली धरला, रंकाळ्यात गेला तर आयपी५४ तुम्हाला वाचवत नाही, आणि पाणी गेल्यावरची दुरुस्ती नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.

तरीपण ज्यानं इथला जुलै काढलाय त्याला शिंतोड्यांची किंमत ठाऊक आहे. गगनबावड्याकडून रोज दुचाकीवर येणारा, भाजी घेऊन पहाटे मार्केट यार्डात उतरणारा, पार्सल पोचवणारा पोरगा, यांचा फोन रेनकोटाच्या खिशातही ओला होतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की गावभर लोक फोन हातात घेऊन असतात. ४३ ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात अनेक घरांत बाहेरच्या जगाशी संबंध फोनपुरताच उरला होता. अशा दिवसांत भिजून स्पीकर किंवा चार्जिंगचा पोर्ट गेला तर दुरुस्तीला जायलाही रस्ता नसतो. मात्र ओल्या पडद्यावर टच नीट चालत नाही, हे दोन्ही फोनांत तसंच. पावसात कॉल उचलायचा तर ब्लूटूथ किंवा वायरच्या इअरफोनचं बटणच उपयोगी.

धुळीचंही बघा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल किती बारीक असतो आणि कुठंकुठं शिरतो ते सांगायला नको. तिथं ए१६ निश्चित बरा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत किंवा उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी मात्र आयपी५४ वर विसंबू नये. बिडाची बारीक भुकटी स्पीकरमधल्या चुंबकाकडं ओढली जाऊन जाळीवर बसते, आणि ती कुठल्याही रेटिंगनं अडत नाही. जाळी झाकणारं कव्हर आणि आठवड्याला मऊ ब्रश, हाच उपाय, फोन कुठलाही असो.

आता ए१५ ची बाजू, आणि ती खरोखर भक्कम आहे: ३.५ मिमीचा हेडफोन जॅक. ए१५ ला आहे, ए१६ ला काढून टाकलाय.

शहरात ब्लूटूथ इअरबड घातलेला माणूस याला किरकोळ म्हणेल. पण हंगामात उसाचा ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याच्या रांगेत उभा असतो, तेव्हा ड्रायव्हरच्या फोनातून टेपला ऑक्सची वायरच गेलेली असते. अभ्यासिकेत दिवसभर एमपीएससीची लेक्चरं ऐकणारी मुलं शंभर-दीडशेचा वायरवाला इअरफोन वापरतात. तो चार्ज करावा लागत नाही, हरवला तर रडू येत नाही. आजोबांना कीर्तन ऐकायचं असतं आणि ब्लूटूथ जोडणं त्यांना जमत नाही, वायर खुपसणं जमतं. या सगळ्यांचं ए१६ मध्ये अडतं.

वाट आहे: टाइप-सी वरून ३.५ मिमी करणारा अ‍ॅडाप्टर. घेताना ‘डीएसी’, म्हणजे फोनच्या डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप, असलेलाच मागा. स्टॉलवर मिळणारा सगळ्यात स्वस्त अ‍ॅडाप्टर बऱ्याचदा नुसता तारेचा जोड असतो आणि सॅमसंगच्या फोनवर त्यातून आवाज येत नाही. शिवाय अ‍ॅडाप्टर लावला की चार्जिंगची जागा अडते. ट्रॅक्टरवर गाणी आणि चार्जिंग एकाच वेळी हवं असणाऱ्याला हा उपाय पुरत नाही. त्यानं एकतर गाडीच्या टेपला ब्लूटूथ रिसीव्हर बसवावा, नाहीतर सरळ ए१५ बघावा.

आकाराचं थोडक्यात. ए१५ चा पडदा ६.५ इंच, ए१६ चा ६.७. पिक्सेल तेवढेच. ए१६ उंचीला चार मिलिमीटरनं जास्त, पण जाडी ८.४ वरून ७.९ वर आली. वजन दोन्हींचं २०० ग्रॅमच्या आसपास. अक्षरं मोठी करून वाचणाऱ्यांना मोठा पडदा बरा, एका हातानं टाइप करणाऱ्या छोट्या हाताला ए१५ सोपा. एकाचं कव्हर किंवा काच दुसऱ्याला बसत नाही, तेव्हा ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

चार्जरचे पैसे दोन्ही बाजूंना धरा. घरातला जुना १५ वॉटचा चालतो, वेळ जास्त लागतो. २५ वॉटचा वेग हवा असेल तर पीपीएस (फोनला लागेल तसा व्होल्टेज बदलण्याची सोय) असलेला चांगल्या कंपनीचा घ्या.

मग कुणी काय घ्यावं? एकच फोन चार-पाच वर्षं वापरणार, त्यावर पैशाचे व्यवहार करणार, पावसात फिरणार, त्यानं ए१६ घ्यावा, हे मी कसलीही आडकाठी न ठेवता सांगतो. वायरशिवाय ज्याचं चालत नाही त्यानं ए१५ घ्यावा, पण वरच्या भागाकारात बसणाऱ्या भावानंच. ज्यांच्याकडं ए१५ आधीपासून आहे आणि तो धड चालतोय, त्यांनी ए१६ साठी एक रुपयाही घालवू नये. बॅटरी दमली असेल तर ती बदला आणि २०२८ पर्यंत निवांत वापरा. पुढचा ए१७ आता आला आहे, त्याच्या मुख्य कॅमेऱ्याला ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन मिळालंय. फोटो-व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर या दोघांत गुंतण्यापेक्षा तो बघा. जॅक त्यातही नाही.

ए१५ घ्यायचं ठरलं तर दुकानात हे करून घ्या. सील डब्याचा असेल तर डब्यावरचा निर्मितीचा महिना वाचा. दोन वर्षं पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणता येत नाही. ‘५जी’ लिहिलंय का बघा, कारण याच नावाचं ४जी मॉडेलही जगात निघालं होतं. सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाचं गुगल खातं समोर काढायला लावा. पडदा पूर्ण पांढरा आणि मग करडा करून हिरवी-गुलाबी रेष किंवा जुन्या चित्राची सावली शोधा. जॅकमध्ये स्वतःचा इअरफोन घालून ऐका. ज्या कारणासाठी हा फोन घेताय तेच खराब नको. *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो नंबर टाकून १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल किंवा तोच नंबर दुसऱ्या फोनवर चालू असेल तर उत्तरात कळतं. ते उत्तर येईपर्यंत पैसे खिशातच राहू द्यात.