नंबर लायनरचा होता, शेलचा नव्हता

डावा बूट स्कीतून सुटला तो मी पडल्यामुळे नाही. तो सुटला म्हणून मी पडले. स्की घालूनच डोंगर चढत होते आणि चढणीवर किक-टर्न, म्हणजे जागच्या जागी एकेक स्की उचलून फिरवायचं वळण, घेत होते. वरची स्की उचलून फिरवली, सगळा भार डाव्या पायावर आला. चढताना टाच मोकळीच असते, बूट फक्त नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, धरलेला असतो, आणि नेमकं ते नाकच सुटलं. चढाईच्या वेळी ब्रेक वर अडकवलेले असल्यामुळे स्की एकटीच खाली निघाली आणि एका झुडपात जाऊन रुतली. झुडूप नसतं तर स्की थेट दरीत गेली असती.

बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, पुढचा लिव्हर ओढून लॉक केलेला होता. खोबणीतला बर्फही टोकरून काढला होता. म्हणून साहजिकच मी बाइंडिंगला शिव्या घातल्या. बुटांवर संशय येणं शक्यच नव्हतं, कारण ते घेताना मी भरपूर चौकशी केली होती. निदान माझा तसा समज होता.

मला कडक टूरिंग बूट, म्हणजे स्की घालून डोंगर चढायचे आणि उतरायचे बूट, हवे होते. स्की रुंद आणि जड, आणि जुने मऊ बूट उतारावर गुडघ्याच्या आधीच दुमडायचे. नवे परवडत नव्हते, म्हणून वापरलेले शोधले. जाहिरात अशी: माप 26.5, फ्लेक्स 130, चार बकल, दोन सीझन वापर, शेलला तडा नाही. फ्लेक्स म्हणजे बुटाच्या कडकपणाचा आकडा, शेल म्हणजे बाहेरचं कठीण प्लास्टिकचं कवच. फोटो इतके सुंदर की बूट लग्नाला निघालेत असं वाटावं. सगळे बाजूने आणि वरून काढलेले. तळव्याचा एकही नाही, नाकाशी जवळून घेतलेला एकही नाही. हे आज सांगतेय. तेव्हा मी बकलांची चमक बघत बसले.

विक्रेता अत्यंत सभ्य. विचारलं, "माप नक्की 26.5 आहे ना?" त्याने लायनरवर, म्हणजे शेलच्या आतल्या मऊ बुटावर, छापलेल्या आकड्याचा फोटो पाठवला. "कुठे तडा?" "प्लास्टिकला कुठेही नाही, स्वतः बघून घ्या." "वापर?" "मी दोनच सीझन घातलेत." नंतर ही उत्तरं मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात शब्दशः खोटं असं एकही नाही. त्याने मला शेंडी लावली ती खरं बोलून.

त्या पडण्यानंतर घरी येऊन बाइंडिंगचा पुढचा भाग उघडला आणि बूट हाताने त्यात बसवले. पिनांची ही बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने 1980 च्या दशकात काढली. तिची सगळी भिस्त बुटाच्या नाकाशी दोन बाजूंना प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेल्या पोलादी वाट्यांवर असते. बाइंडिंगच्या दोन पिना त्या वाट्यांत शिरतात आणि पाय त्यांच्यावर झुलतो. उजवा बूट बिजागरीसारखा गुळगुळीत फिरला. डावा फिरताना कट-कट वाजला. नखाने दाबलं तर वाटी चक्क हलत होती. भोवतालचं काळं प्लास्टिक स्पिरिटच्या फडक्याने पुसलं, तर काळा रंग फडक्यावर आला. खाली डिंकासारखा पारदर्शक थर होता. म्हणजे वाटी इपॉक्सीने चिकटवून वर मार्कर फिरवलेला. तडा नव्हता, हे खरंच होतं.

मग लायनर बाहेर काढले. शेलच्या टाचेजवळ, बाहेरच्या बाजूला, तळव्याची लांबी मिलीमीटरमध्ये कोरलेली असते. त्या मॉडेलच्या तक्त्यात माझ्या मापापुढे 302 होतं. माझ्या हातातल्या शेलवर 312. बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 चं शेल एकच असतं, अर्ध्या मापाचा फरक लायनर आणि आतल्या पट्टीत काढतात, म्हणून अर्ध्या मापाला कुणी फार घाबरत नाही. पण दहा मिलीमीटर म्हणजे पुरतं एक माप. मोठ्या शेलमध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी बुटाचं लहान लायनर कोंबलेलं होतं. ते फोम गरम करून पायाच्या आकारात बसवायचं असतं, आणि त्यात घोट्याच्या हाडाचा खळगा माझ्या घोट्यापासून दोन बोटं दूर होता. कुणा परक्याच्या पायाचा ठसा मी वागवत होते आणि टाचेला फोड आले की मोज्यांना दोष देत होते.

कडक बुटांची खरी मेख इथे आहे, म्हणून जरा लांबण लावते. हे बूट दिवाणखान्यात घालून बघण्याला काडीचा अर्थ नाही. माझे बूट घरात फार आरामशीर वाटले, आणि मी ती चांगली खूण समजले. नीट मापाचा कडक बूट पहिल्या दिवशी थोडा आवळतोच. तपासायची रीत वेगळी आहे: लायनर काढा, मोज्यासकट नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढे टेकेपर्यंत सरका आणि टाचेमागे हाताची बोटं घालून बघा. एक ते दीड बोट मावलं तर ठीक. माझ्या मागे जवळजवळ तीन मावली. ऑनलाइन घेताना हे जमत नाही, पण कोरलेल्या आकड्याचा फोटो मागायला काय हरकत होती? मी माप विचारलं, त्याने माप दाखवलं. कशाचं माप, हे विचारायचं राहिलं.

त्या 130 चंही तेच. फ्लेक्सच्या आकड्याला सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारं एक मोजमाप नाही; एकीचा 130 दुसरीच्या 120 सारखा वाटू शकतो. शिवाय माझ्या बुटाचा मागचा चालण्याचा लिव्हर झिजलेला होता, त्यामुळे स्की-मोडमध्ये लॉक केल्यावरही कफ, म्हणजे बुटाचा घोट्यावरचा भाग, पुढेमागे डुलायचा. पहिलं बोटभर अंतर पोटरी फुकट पुढे जायची आणि मग कुठे बूट अडवायचा. विक्रेता म्हणाला होता, "थोडा खेळ सगळ्यातच असतो." तेही खरंच. बूट टेबलावर दाबून धरा, कफ हाताने हलवा आणि त्याचा व्हिडिओ मागवा. दहा सेकंदांचं काम आहे.

वयाचा शोध सगळ्यात शेवटी लागला. साच्यात ओतलेल्या बऱ्याच शेलच्या आत, पट्टीखाली, एक नाण्याएवढं वर्तुळ असतं. मधे वर्ष, बाण महिन्यावर. माझ्या शेलचं वर्तुळ आठ वर्षांपूर्वीचं निघालं. दोन सीझन त्याने वापरले असतीलही. आधीची सहा वर्षं ते कुणाच्या पायात होते, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. प्लास्टिकला वापराइतकंच वयही खातं. पॉलियुरेथेन तर दमट हवेत पडून पडूनही ठिसूळ होत जातं.

पैशांच्या बाबतीत मात्र मूर्खपणा निव्वळ माझा. तो म्हणाला, "वस्तूखरेदी म्हणून पाठवलंत तर शुल्क कापतात. मित्राला पाठवतोय असं दाखवा, वाचलेलं तुम्हाला सूट म्हणून देतो." सूट मिळाली. त्या एका पर्यायावर बोट टेकवलं आणि खरेदीदाराचं संरक्षण संपलं, कारण मित्राला दिलेल्या पैशांवर तक्रार चालत नाही. त्यात घेतले उन्हाळ्यात, सीझन संपल्यावर स्वस्त मिळतात म्हणून. पहिला बर्फ लागेपर्यंत महिने उलटले होते. तक्रारीला उत्तर आलं ते छापील नम्रतेचं. विक्रेत्याने एकच ओळ लिहिली: "मला जसे मिळाले तसेच तुम्हाला दिले." आणि मला ब्लॉक केलं. मी म्हटलं, कोडगेपणाची कमाल आहे.

आता जे सांगतेय ते सांगायला जड जातं. आठवडाभराने मी त्याच बुटांची जाहिरात लिहायला बसले. "फ्लेक्स 130, शेलला तडा नाही, मी एकच सीझन वापरले." तीन वाक्यं लिहून झाली आणि लक्षात आलं की ही त्याचीच वाक्यं आहेत, फक्त दोनच्या जागी एक. मजकूर पुसला.

त्याऐवजी माझे जुने मऊ बूट विकले, आणि या वेळी आधीच शहाणी झाले होते. कोरलेला आकडा, चारही वाट्या जवळून, टाचेच्या खाचा, तळव्याची झीज, साच्याचं वर्तुळ, सगळ्याचे फोटो, शेजारी तारीख लिहिलेला कागद. एका बोटाजवळ शेल तापवून फुगवून घेतलेलं होतं, तेही लिहिलं. काही लोक त्यामुळे पळाले, पळू देत. ज्याने घेतले त्याने चार दिवसांनी कळवलं की डावा बूट फुटलेला निघाला, पैसे परत करा. सोबत फोटो. चोराच्या उलट्या बोंबा, पण मी क्षणभर घाबरलेच. मग फोटो मोठा केला. फुटलेल्या बुटाच्या टाचेवर 294 कोरलेलं होतं. माझ्या बुटावर 305. मी दोन्ही फोटो शेजारी लावून पाठवले. पुन्हा निरोप आला नाही. फोटो काढायला मला अर्धा तास लागला होता आणि तेव्हा मी कंटाळून कुरकुरले होते.

उरले ते कडक बूट. बकल चांगली होती, ती सुट्टी काढून एकाला दिली. उजवं शेल तसंच ठेवलं. डावं मात्र नुसतं फेकवेना. कचऱ्यातून कुणी उचललं तर पुन्हा कुणाच्या तरी पायात जाणार. म्हणून शिकंजात धरून नाक करवतीने कापलं, नेमकं वाटीवरून. पोलादापाशी पातं अडकलं, मग बाजूने कापत गेले आणि तुकडा वेगळा झाला. कापलेल्या कडेवर इपॉक्सी स्पष्ट दिसत होती. पण तिचे थर दोन होते. वरचा काचेसारखा स्वच्छ, आणि त्याच्याखाली दुसरा, जुना, पिवळा पडलेला, त्यावरही मार्करचा काळा रंग.