आयसीयूतला आहार आणि फिजिओथेरपी: आबांच्या १९ दिवसांचा अनुभव

जानेवारीत न्यूमोनियामुळे आमच्या आबांना (वय ६८, वजन ६० किलो) कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ठेवलं होतं. १९ दिवस, त्यातले ११ व्हेंटिलेटरवर. मी लिहितेय ते तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडम आणि फिजिओ यांच्याबद्दल.

रक्तदाब सावरला तसं दुसऱ्याच दिवशी राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) फीड सुरू झालं. मी घरून नाचणीची पेज नेली होती. मॅडमनी घेतली नाही. मला रडूच आलं. मग त्यांनी शेजारी बसवून हिशोब सांगितला. पातळ पेजेत प्रोटीन अगदी थोडं, शिवाय नळी तुंबायची भीती. आबांना किलोमागे १.३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७८ ग्रॅम प्रोटीन हवं, पण तेही हळूहळू वाढवत न्यायचं. घरी आठ दिवस त्यांच्या पोटात जवळजवळ काही गेलं नव्हतं, आणि उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं. रोज रक्त कशाला काढतात ते मला तेव्हा कळलं. फीड चालू असताना डोक्याकडची बाजू उचललेली आहे ना, हे त्या स्वतः येऊन बघायच्या.

सहाव्या दिवशी, घशात व्हेंटिलेटरची नळी असतानाच, फिजिओने आबांना पलंगाच्या कडेला बसवलं. नळ्या सांभाळायला एक सिस्टर आणि एक ब्रदर. जेमतेम दोन मिनिटं. आदल्या दिवशी ऑक्सिजन खाली आला होता, तर त्यानेच "आज बसवायचं नाही" म्हणून नुसते हातपाय हलवले होते. मला या माणसाचा भरवसा वाटला तो त्यामुळे. गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सरासरी १७-१८ टक्के घटल्याचं २०१३च्या एका अभ्यासात दिसलं, हे त्यानेच सांगितलं. जन्मभर उसाच्या फडात राबलेल्या आबांची पोटरी माझ्या एका पंजात मावत होती.

रविवारी मात्र फिजिओ नसतो. दोन रविवार आबा नुसते पडून होते.

आणि वॉर्डात हलवल्यावर सगळंच सुटलं. आयसीयूत मिलिलीटरचा हिशोब होता, इथे ताटातलं किती खाल्लं हे न बघताच ताट उचलून न्यायचे. गिळता येतंय का हे न तपासता पाण्याचा ग्लास हातात दिला. असा ठसका लागला की आबा काळेनिळे पडले. कुणाचा पेशंट वॉर्डात जाणार असेल तर आधी गिळण्याची तपासणी करायला सांगा, अडून बसा.

डिस्चार्जला वजन ५१. कार्डावर आहाराची एकच ओळ, 'पौष्टिक आहार घ्यावा'. मी परत आयसीयूत जाऊन मॅडमना गाठलं. आबा माळकरी, अंडं चालत नाही. त्यांनी उभ्याउभ्या माझ्या वहीत दही, पनीर, मुगाचं धिरडं, दुधात प्रोटीन पावडर असं वेळेसकट लिहून दिलं, त्याचे पैसेही घेतले नाहीत.

आयसीयूला पाच तारे, वॉर्डाला दोन.