रोझेशियाच्या 'व्हिटॅमिन किट'वाल्यांपासून सांभाळा, वर फुकट क्रीम देत असतील तर जास्तच

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण रोझेशियावर, म्हणजे तोंडावर लाली येणाऱ्या कातडीच्या आजारावर, खपवलं जाणारं हे किट आपल्याकडे भिशीच्या ग्रुपवर नि हळदीकुंकवाला फिरतंय.

माझ्या गालांवर, नाकावर लाली असते. भाकऱ्या करायला चुलीपुढं बसलं किंवा संकेश्वरी मिरचीचा ठेचा खाल्ला की तोंड पेटल्यागत होतं. स्किनच्या डॉक्टरांनी रोझेशिया सांगितला, पूर्ण जात नाही, आटोक्यात ठेवायचा म्हणाल्या. आणि "जात नाही" असं ऐकून आलेलं माणूस म्हणजे ह्या लोकांचं हक्काचं गिऱ्हाईक! शहापुरातल्या ओळखीच्या एकीनं गाठलंच. "अक्का, तुमच्यात झिंक नि बी व्हिटॅमिन कमी आहे, रक्त कशाला तपासताय, तोंड बघूनच कळतंय की ओ." ४,८०० रुपये, तीन डबे, आणि वर बिनलेबलची एक डबी, हर्बल क्रीम म्हणे, फ्री.

गोळी घेतली की थोड्या वेळात तोंड, कान, मान सगळं लालभडक, वर खाज. फोटो पाठवला तर म्हणते विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे, डोस वाढवा. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, निकोटिनिक ॲसिड १०० मिलिग्रॅम. हे बी ३ व्हिटॅमिन, दिवसाची गरज १५ मिलिग्रॅमच्या आसपास, एकदम जास्त गेलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि धडधाकट माणसाचं पण तोंड लाल होतं, मग रोझेशियावाल्याचं काय होणार सांगा.

पण खरी गोम त्या क्रीममध्ये होती. लावल्यावर थोड्याच दिवसांत चेहरा एकदम साफ, घरचे पण म्हणायला लागले गुण आला, आणि तिनं ते सगळं गोळ्यांच्या नावावर खपवून दुसरं किट गळ्यात मारलं. डबी संपली तशी लाली पहिल्यापेक्षा वाईट परतली, बारीक पुळ्या, पाणी लागलं तरी आग. डॉक्टरांनी डबी बघितली आणि म्हणाल्या हा स्टेरॉइडचाच प्रकार दिसतोय, वरवर लाली दाबतो, सोडला की दुप्पट उसळतो. आता मेट्रोनिडाझोलचं जेल, डॉक्सीसायक्लिन आणि सनस्क्रीन चालू आहे, हळूहळू उतरतंय. झिंकचं विचारलं तर म्हणाल्या रोझेशियावर पक्का उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि रोज ४० मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस घेतलं तर अंगातलं तांबं कमी होतं.

पैसे मागितले तेव्हाचा बाईचा बनेलपणा ऐका. तिनं डब्याचाच फोटो पाठवला, त्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', आणि वर मलाच विचारते आम्ही औषध म्हणून विकलंच कुठं? अहो, ती ओळ कायद्यानं छापावीच लागते, आणि त्याच कायद्यानं सप्लिमेंट विकताना "रोग बरा होतो" म्हणता येत नाही. हिचे तर "मुळापासून जातो" म्हणणारे व्हॉइस मेसेज माझ्याकडं पडून आहेत!

तेव्हापासून ब्लॉक. पण स्टेटस भाचीच्या फोनवर दिसतंय, तेच डबे आता 'थायरॉईड किट' म्हणून चाललेत.

कुणी घेतलं असेल तर चॅट पुसू नका, डबी फेकू नका, फोनपेचा स्क्रीनशॉट ठेवा. ग्राहक हेल्पलाईन १९१५, मराठीत बोललं तरी चालतं. आणि क्रीम लावत असाल तर ती कशी बंद करायची ते आधी स्किनच्या डॉक्टरांना विचारा, डबी सोबत घेऊन जा.