अमेरिकेचा इतिहास वाचायचाय: झिन, लपोर की मॅकफर्सन?

अमेरिकेच्या इतिहासावरचं पहिलं पुस्तक घेताना बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. कोलंबसापासून आजपर्यंत सगळं एका खंडात देणारं जाडजूड पुस्तक घरी येतं आणि वाचन पहिल्या पानापासून सुरू होतं. शंभर-दीडशे पानांनंतर प्युरिटनांचे वाद, वसाहतींच्या सनदा आणि गव्हर्नरांची नावं यांत पुस्तक मिटतं ते कायमचं. दोष वाचकाच्या चिकाटीचा नसतो. सतराव्या शतकातली ही नावं पुढे कशाला जोडली जाणार हे माहीत नसलं, तर ती अडकवायला डोक्यात खुंटीच नसते.

म्हणून आधीच सांगून टाकतो. सुरुवात १८५० ते १८७७ या काळापासून, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत झालेलं यादवी युद्ध आणि त्याच्या आगेमागची वर्षं यांपासून, करावी आणि एकखंडी इतिहास दुसरा किंवा तिसरा घ्यावा. आजच्या अमेरिकी राजकारणातले बरेचसे वाद याच सत्तावीस वर्षांत मुळं धरून आहेत. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये जन्मला. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची, आणि जन्माने नागरिकत्व व कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी १८६८ ची. पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. आज सर्वोच्च न्यायालयातला एखादा गाजलेला खटला उचला, चौदाव्या दुरुस्तीचा उल्लेख निघण्याची शक्यता दाट.

या काळासाठी जेम्स मॅकफर्सन यांचं ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ घ्या. ते १९८८ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. पानं नऊशेच्या घरात, म्हणजे रोज २५ पानं धरली तर पाच आठवडे. नाव युद्धाचं असलं तरी एप्रिल १८६१ मध्ये सुमटर किल्ल्यावर पहिला गोळा पडेपर्यंत चौथ्या हिश्शाहून जास्त पुस्तक उलटलेलं असतं. खरी किंमत त्या आधीच्या भागाची आहे. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी चालू द्यायची की नाही या एका प्रश्नावर जुने पक्ष कसे फुटत गेले, गुलामगिरीचा निर्णय नव्या मुलखातल्या रहिवाशांवर सोडणारा १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणि कृष्णवर्णीय नागरिकच नाहीत असं ठरवणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल यांनी तडजोडीची दारं कशी बंद केली, हे इथे टप्प्याटप्प्याने उलगडतं. युद्धाच्या भागातही फक्त लढाया नाहीत. कागदी चलन, सक्तीची सैन्यभरती, ऐन युद्धातल्या निवडणुका, सगळं आहे.

अडचण येते ती लढायांच्या नावांशी. एकाच लढाईला दोन नावं असतात, कारण उत्तरेकडचे बहुधा जवळच्या ओढ्या-नदीवरून नाव देत आणि दक्षिणेकडचे गावावरून. बुल रन आणि मॅनॅसस ही एकच जागा, अँटीटम आणि शार्प्सबर्गही एकच. हे ठाऊक नसलं की वाचक एक लढाई दोनदा मोजतो. दुसरी गोष्ट नकाशांची. मोबाइलच्या किंवा ई-रीडरच्या पडद्यावर ते धड दिसत नाहीत, म्हणून हे पुस्तक छापील घ्यावं. बाकीची ई-बुकमध्ये चालतील; शब्द दाबला की अर्थ मिळतो, ही मोठीच सोय.

मॅकफर्सन १८६५ ला थांबतात. तिथे थांबणाऱ्या वाचकाचा समज होतो की गुलामगिरी संपली आणि गोष्ट संपली. पुढची बारा वर्षं एरिक फोनर यांच्या ‘रीकन्स्ट्रक्शन’मध्ये (युद्धानंतरची दक्षिणेची पुनर्रचना) आहेत, तेही १९८८ चंच. पूर्ण आवृत्ती अभ्यासकांच्या तोलाची. साउथ कॅरोलायना, लुईझियाना, मिसिसिपी अशा एकेका राज्यातलं स्थानिक राजकारण इतकं दाट येतं की नवा वाचक गुदमरतो. फोनर यांनीच १९९० मध्ये तिची संक्षिप्त आवृत्ती काढली, पहिल्या वाचनाला ती पुरते. संक्षिप्त घेतल्याचा कमीपणा वाटून घेऊ नये.

मराठी वाचकाला या काळाशी एक थेट धागा आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. आपण ती अर्पणपत्रिका एका संपलेल्या, यशस्वी लढ्याला केलेला सलाम म्हणून वाचतो. फोनर शेजारी ठेवले की तारीख बोलायला लागते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुईझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी कृष्णवर्णीयांची कत्तल केली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ मध्ये आरोपी सुटले. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राजकारणातून केंद्राचं लष्कर मागे घेतलं गेलं, आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढच्या दशकांत कागदावरच उरला. पुण्यात ती ओळ छापली जात होती तेव्हा तिकडे मिळवलेलं हातचं निसटू लागलं होतं.

आता एकखंडी इतिहास. इथे निवड बहुधा दोन नावांत होते: हॉवर्ड झिन यांचं ‘अ पीपल्स हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ (१९८०) आणि जिल लपोर यांचं ‘दीज ट्रूथ्स’ (२०१८). दोघांत फरक डाव्या-उजव्याचा नाही, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा आहे.

संविधान बनलं तो प्रसंग दोन्हीकडे वाचून पाहा. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, त्यांत स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिकही होते, कोर्टं बंद पाडली. कोर्ट भरलंच नाही तर जप्तीचा हुकूम कोण देणार? शेजचं बंड ते हेच. दख्खनचे १८७५ चे दंगे आणि सुप्यात जाळलेली कर्जखतं ज्याला माहीत आहेत, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. झिन यांच्या मांडणीत संविधान हे या भीतीला मालमत्ताधारकांनी दिलेलं उत्तर. त्यामागे इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांची १९१३ मधली मांडणी आहे. ती प्रभावी खरी, पण १९५० च्या दशकात इतिहासकारांनी तिच्यावर जोरदार हल्ला चढवला, आणि झिन यांच्या वाचकाला त्या वादाची धग लागत नाही.

लपोर वेगळ्या दारातून आत नेतात. त्यांच्या प्रस्तावनेत ऑक्टोबर १७८७ मधला न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्राचा अंक आहे. माणसं विचारपूर्वक निवड करून स्वतःचं सरकार उभारू शकतात का, हा प्रश्न त्या अंकात आहे आणि एका गुलाम तरुणीच्या विक्रीची जाहिरातही त्याच अंकात आहे. या दोन मजकुरांतली विसंगती त्या शेवटपर्यंत सोडत नाहीत.

झिन वाचायला सोपे. वेग आहे, राग आहे, आणि एरवी तळटीपेत जाणारी माणसं मध्यभागी येतात: संप करणारे कामगार, मूलनिवासी, युद्धाला नकार देणारे सैनिक. आपण बाजू घेतली आहे हे त्यांनी पहिल्याच प्रकरणात कबूल केलंय, तेव्हा ‘एकांगी’ म्हणून त्यांना पकडण्यात फारसा अर्थ नाही. खरी उणीव दुसरीच आहे. लोकांवर एवढा अन्याय होत होता तर त्याच लोकांनी पुन्हा पुन्हा त्याच दोन पक्षांना मतं का दिली, याचं समाधानकारक उत्तर तिथे मिळत नाही. आणि तळटिपा नाहीत; शेवटी संदर्भग्रंथांची यादी आहे, पण अमुक वाक्य कुठून आलं हे शोधायचं तर हाल होतात.

लपोर यांच्याकडे भरपूर टिपा आहेत, इतक्या की शेवटची शंभरावर पानं त्यांतच जातात. जाडी पाहून घाबरू नये. मतदार कसा घडवला जातो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या एकखंडी पुस्तकात क्वचितच मिळेल. कॅलिफोर्नियात १९३३ मध्ये उमेदवारांचा प्रचार हाच धंदा करणारी पहिली कंपनी निघाली, पुढे दोन वर्षांत गॅलपच्या जनमत चाचण्या आल्या, मग संगणक. आजच्या निवडणुका समजून घ्यायच्या असतील तर हा धागा सोन्यासारखा. मात्र लढाया आणि परराष्ट्र धोरणाला जागा फार कमी, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय, आणि मूलनिवासींचा इतिहास पुढे पुढे विरळ होतो. उजवीकडून लिहिलेला इतिहास हवा असेल तर ब्रिटिश पत्रकार पॉल जॉन्सन यांचा १९९७ चा खंड आहे. त्यांचं उद्योजकांवरचं प्रेम आणि न्यू डीलवरचा (मंदीच्या काळातल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारी योजनांवरचा) राग दोन्ही उघड. झिननंतर लगेच वाचला तर एकाच रूझवेल्टची दोन चित्रं दिसतात.

एकखंडी एकच घ्यायचं झालं तर लपोर. कॉलेजातल्या मुलाला वाचनाची गोडी लावायची असेल तर झिन, पण त्यावर थांबू देऊ नये.

चरित्रांचा मार्ग निवडणाऱ्यांनी रॉबर्ट कॅरो यांच्या, १९६० च्या दशकातले राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या चरित्राला भिऊ नये. १९८२ ते २०१२ या काळात चार खंड निघाले, आणि व्हिएतनाम युद्धाचा मुख्य काळ त्यांत अजून यायचाच आहे. चारही वाचायची गरज नाही. तिसरा, ‘मास्टर ऑफ द सेनेट’, थेट उघडा. सुरुवातीची सुमारे शंभर पानं जॉन्सनवर नाहीतच, सेनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, इतिहासावर आहेत. तेवढीच वाचली तरी शंभर माणसांचं हे सभागृह एखादं विधेयक वर्षानुवर्षं कसं अडवून धरतं ते कळतं. राजकारण म्हणजे भाषणं नव्हे, समितीचं अध्यक्षपद कोणाकडे आणि मतं मोजतं कोण, हे कॅरो दाखवतात. दुसऱ्या खंडातली १९४८ ची टेक्ससमधली ८७ मतांची निवडणूक वाचताना आपल्याकडच्या साखर कारखान्याची मतमोजणी आठवली तर नवल नाही. डोरिस कर्न्स गुडविन यांचं लिंकनच्या मंत्रिमंडळावरचं ‘टीम ऑफ रायव्हल्स’ हलकं जातं, पण त्यात सगळंच लिंकनच्या स्वभावाने सुटतं. मॅकफर्सननंतर वाचलं तर ठीक.

मूळ कागदपत्रं फुकट मिळतात आणि वाटतात तितकी अवघड नाहीत. मूळ संविधानात कलमं अवघी सात. आपल्या ३९५ कलमांची सवय असलेल्याला विश्वास बसत नाही. सत्तावीस दुरुस्त्यांसकट ते एका संध्याकाळी होतं. मग ‘फेडरलिस्ट’चे निबंध. ८५ आहेत, सगळे वाचू नका. १० आणि ५१ मॅडिसनचे, ७० आणि ७८ हॅमिल्टनचे, एवढे चार. वाक्यं लांबलचक, म्हणून दिवसाला एक निबंध पुरे. आणि हे तटस्थ भाष्य नव्हे, न्यू यॉर्कने संविधान मंजूर करावं म्हणून केलेली वकिली आहे. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन शंभर-सव्वाशे पानांचं, इंग्रजी सोपं. घाई असेल तर सगळ्यात आधी तेच.

पुस्तक कुठलंही घ्या, काही शब्द आपल्या वाचकाला हमखास चकवतात. ‘काँग्रेस’ म्हणजे पक्ष नव्हे, संसद. ‘सेक्रेटरी’ सचिव नाही, मंत्री. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री. ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे आरक्षण नव्हे, मूलनिवासींना नेमून दिलेला मुलूख. ‘कॉर्न’ मका. ‘बिलियन’ शंभर कोटी. आणि सगळ्यात घातक ‘डेमोक्रॅट’. १८६० च्या प्रकरणातले डेमोक्रॅट दक्षिणेतल्या गुलाममालकांचे पाठीराखे, आणि आज बहुसंख्य कृष्णवर्णीय मतं त्याच पक्षाला. हा पालट एका रात्रीत झाला नाही. १९३० च्या दशकातल्या न्यू डीलपासून तो सुरू झाला, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याने वेग घेतला. कोरा कागद पुस्तकात ठेवून प्रत्येक प्रकरणाला ‘या वर्षी कोण कुणीकडे’ एवढं लिहीत गेलात तर घोटाळा होत नाही.

संविधानातला तीन-पंचमांशाचा हिशेबही (लोकसंख्या मोजताना एक गुलाम तीन-पंचमांश माणूस धरायचा) असाच उलटा समजला जातो. गुलाम पूर्ण मोजावेत असा आग्रह मालकांच्या राज्यांचा होता, कारण मोजणी वाढली की प्रतिनिधिगृहातल्या जागा वाढत. मत गुलामांना नव्हतंच. मोजूच नयेत, असं उत्तरेतल्या अनेकांचं म्हणणं. दुकानात पुस्तक चाळताना सूचीतून हे एक पान काढून बघा. लेखक तो जागांचा हिशेब सांगतो की नुसता नैतिक संताप व्यक्त करतो, यावरून उरलेली आठशे पानं कशी असतील याचा अंदाज येतो. सूचीच नसेल तर पुस्तक परत फळीवर ठेवा.

व्हाइट हाउसच्या आतल्या गोटातल्या बातम्या देणारी ताजी पुस्तकं विकत घेऊ नयेत, वाचनालयातून आणावीत. दोन वर्षांत त्यांतली निम्मी नावं वाचकाच्या लक्षातून गेलेली असतात. त्याऐवजी १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर बांगलादेशाबद्दल काय बोलत होते ते ध्वनिफितींच्या आधारे मांडणारं गॅरी बास यांचं ‘द ब्लड टेलिग्राम’ (२०१३) घ्या. त्यातला भारत आपल्या ओळखीचा आहे, त्यामुळे अमेरिकी परराष्ट्र खातं आतून कसं चालतं इकडे पूर्ण लक्ष देता येतं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्यांनी लपोर वाचताना १९६५ चा स्थलांतर कायदा शोधावा. देशनिहाय जुना कोटा त्याने मोडला. त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना, ते कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं होतं. मताधिकार कायदा आणि स्थलांतर कायदा एकाच वर्षीचे, दोन महिन्यांच्या अंतराने, आणि दोन्हींवर सही त्याच लिंडन जॉन्सनची.