डबल बाससाठी अ‍ॅम्प: ओम्नीत उरलेल्या जागेत काय बसवायचं?

डबल बास, म्हणजे उभं राहून वाजवायचं माणसाएवढं व्हायोलिनसारखं वाद्य, ओम्नीत आडवा घातला की त्याची मान ड्रायव्हरच्या कानाशी येते. मग एक माणूस आणि त्याच्या मांडीवर मावेल एवढी वस्तू, इतकीच जागा उरते. अ‍ॅम्प निवडताना मी वॉटच्या आधी ही जागा मोजतो. हसू नका, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरून पंचवीस किलोचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, एकदा उतरवलंत की पटेल.

आमचा पाच जणांचा बँड जुनी गाणी वाजवतो, मधूनच थोडं जॅझ. गणपतीत मंडळाचा स्टेज, एरवी शाहू स्मारकाचा हॉल, नाहीतर लॉनवरचं रिसेप्शन. अशा कामाला तीन पर्याय समोर येतात.

सगळ्यात लहान म्हणजे फिल जोन्स कंपनीच्या डबल फोरसारखा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. चार इंची दोन स्पीकर, शंभर वॉटच्या आतला, खांद्याला लटकवून नेता येतो. मधला म्हणजे मार्कबासचा मिनी सीएमडी १२१पी: बारा इंची एक स्पीकर, ८ ओहमला ३०० वॉट, वजन १३-१४ किलो. तिसरा, बास गिटारवाल्यांचं हेड, म्हणजे नुसता अ‍ॅम्प, आणि वेगळं मोठं कॅबिनेट. तो मी लगेच बाजूला ठेवतो. ड्रमवाला दांडगा असेल तर घ्या, पण मग ओम्नीऐवजी टेम्पो सांगा.

वॉटच्या आकड्याला फार भुलू नका. ७५ चे ३०० केले तर वाढतात ६ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

खरी मेख आहे इनपुटमध्ये. डबल बासचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा तुकडा, बहुधा पिएझो (दाबाने वीज देणारा) असतो, घोडीत (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) किंवा घोडीच्या पायाखाली बसवलेला. विजेच्या हिशोबात तो एक छोटा कपॅसिटर. समजा तो १ नॅनोफॅरडचा आहे आणि अ‍ॅम्पच्या इनपुटचा विद्युत रोध १ मेगाओहमचा. मग साधारण १५९ हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो. तुमची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची आणि सगळ्यात वरची जीसुद्धा ९८ ची! म्हणजे चारही मोकळ्या तारांचा मूळ सूर उतारावर. आवाज किरटा येतो आणि आपण बिचाऱ्या पिकअपला शिव्या घालतो. तोच पिकअप १० मेगाओहमच्या इनपुटला लावा, ती हद्द १६ हर्ट्झवर जाते. म्हणून कुठलाही अ‍ॅम्प घ्या, त्याचं इनपुट कमी मेगाओहमचं असेल तर पिएझोसाठीचा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्पच्या आधी लावायचं जास्त मेगाओहमच्या इनपुटचं छोटं खोकं, मध्ये हवाच. त्यात हाय-पास फिल्टर (ठरावीक हद्दीखालचा खर्ज कापणारा) आणि फेज, म्हणजे सिग्नलची अधिक-उणे बाजू, उलटवायचं बटण असावं.

ही दोन बटणं कशाला, ते मंडळाच्या स्टेजवर कळतं. लोखंडी घोड्यांवर प्लायवूड म्हणजे एक मोठा ढोलच. अ‍ॅम्पचा खर्ज फळीतून, बास ज्यावर उभा असतो त्या खालच्या खुंटातून त्याच्या पोटात शिरतो, पिकअप तो परत अ‍ॅम्पला देतो आणि ए तार छेडली की थांबतच नाही. साउंडवाला खालून ओरडतो, "दादा, तुमचं लय घुमायलंय!" अशा वेळी मी अ‍ॅम्प प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घडी घातलेल्या गोधडीवर ठेवतो, फिल्टर थोडा वर घेतो, फेज उलटवून बघतो. घुमणं बरंच बसतं, शिवाय अ‍ॅम्प कानाच्या जवळ येतो. लहान कॉम्बो इथे बाजी मारतो. बारा इंचीवाला खुर्चीवर डुगडुगतो, आणि तळाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा अ‍ॅम्प अशा फळीवर मी तरी ठेवणार नाही.

पण लॉनवर पाहुण्यांच्या गप्पांत, साउंडवाल्याशिवाय वाजवायचं असेल तर लहान कॉम्बो दमतो. उघड्यावर खर्जाला भिंतीचा आधार मिळत नाही. तिथे बारा इंचीच.

माझा कौल? कोल्हापुरात बहुतेक कार्यक्रमांना साउंडवाल्याची सिस्टीम असतेच. हॉल भरायचं काम त्याचं, आपला अ‍ॅम्प फक्त आपल्याला आणि शेजारच्या गिटारवाल्याला ऐकू येण्यापुरता. तेव्हा लहान कॉम्बो आणि चांगला प्रीअ‍ॅम्प घ्या. डीआय आउटला (साउंडवाल्याच्या सिस्टीमला सिग्नल देणारी जोडणी) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे त्या सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडायचं, बटण आहे ना, हे बघा. मंडपातल्या वायरिंगवर हमिंग हमखास येतं. ते घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगितली तर साफ नाही म्हणा, तो जिवाशी खेळ आहे. महिन्यात तीन-चार लॉन वाजवत असाल तर मात्र बारा इंचीवाला परवडतो.

दुकानात बहुतेक वेळा बास गिटार लावून अ‍ॅम्प ऐकवतात. तिचा पिकअप चुंबकी, १ मेगाओहमवर तो झकास वाजतो, त्यावरून आपल्याला काहीच कळत नाही. आपला बास घेऊनच जा, ओम्नीचं भाडं पडलं तरी. स्टेजवर ठेवता तेवढा आवाज ठेवा, अ‍ॅम्पकडे तोंड करून उभे राहा आणि मोकळी ए तार छेडून हात बाजूला घ्या.