म्हशीच्या दुधाचं मोझरेला: रोजचं विरजण, पाकिटातलं कल्चर की सायट्रिक ॲसिड?

कोल्हापुरात मोझरेला करायला घेतलंत तर दुधाची चिंता नाही. गंगावेशीत समोर धार काढून दूध देणारं हे गाव. अडतं ते विरजणापाशी. विरजण निवडताना भाव आणि चवीच्या आधी एवढं विचारा: फाज शिरला तर काय?

फाज म्हणजे बॅक्टेरियांना लागणारा व्हायरस. माणसाला त्याचा अपाय नाही. पण दूध आंबवणाऱ्या बॅक्टेरियात तो शिरतो, तिथेच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो; चीजचं आंबणं मध्येच थांबतं. न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ साली हे दाखवून दिलं.

आमच्याकडे हे घडलं तेव्हा दूध, रेनेट (दूध साकळवणारं एन्झाइम), तापमान सगळं ठीक होतं, पण पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी, तितकं जास्त आंबट) ५.८ वर अडकला. मोझरेला गरम पाण्यात ताणायला तो ५.२ च्या आसपास लागतो. तीन तास थांबून साकळलेल्या चीजच्या दह्याचा तुकडा गरम पाण्यात बुडवून ओढला. तार निघालीच नाही, हातात कण्या आल्या. दोनशे लिटर दूध गेलं.

तेव्हा आम्ही रोजचं विरजण वापरत होतो. ते स्वस्त पडतं, शिवाय त्यात अनेक जाती नांदतात. एक मेली तर दुसरी काम ओढून नेते. म्हणून तर घरचं दही वर्षानुवर्षं लागत राहतं. दही-श्रीखंडाला मी आजही विरजणच घेईन. पण मोझरेलाला आंबट होण्याची वेळ रोज तीच लागते, आणि कालच्या विरजणाबरोबर कालचा फाजही व्हॅटमध्ये, म्हणजे चीजच्या मोठ्या भांड्यात, येतो.

पाकिटातलं कल्चर, म्हणजे तयार मिळणारे बॅक्टेरिया, थेट दुधात पडतं, त्यामुळे फाजला वाढायला विरजणाचा टप्पाच मिळत नाही. महाग आहे, आणि सुकवलेली पाकिटंही सहसा उणे १८ अंशांवर ठेवावी लागतात. पावसाळ्यात वीज जात असेल तर फ्रीजरला इन्व्हर्टर हवाच. तरी माझा कौल यालाच.

फक्त रोज एकच पाकीट नको. फाज ठरावीक जातींनाच लागतो; रोज तीच जात घातली की त्याला आयतं खाद्य. दोन-तीन कल्चर आलटून पालटून घाला, आणि नाव वेगळं पण आतली जात तीच असं नाही ना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. बॅक्टेरियाही गप्प बसत नाहीत: दूध आंबवणारा स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएच्या क्रिस्पर नावाच्या भागात जपून पुढच्या वेळी त्याला थोपवतो, हे कल्चर बनवणाऱ्या डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं. मला हे फार विलक्षण वाटतं.

सायट्रिक ॲसिडने केलं तर बॅक्टेरियाच नाहीत, मग फाजचा प्रश्नही नाही. ५.६ लाच ताणतं, पण चव सपक.

काहीही निवडा, निवळी (साकळलेल्या दुधातून सुटणारं पाणी) सांभाळा. फाजने पछाडलेल्या व्हॅटच्या निवळीत मिलिलिटरमागे कोट्यवधी फाज असू शकतात, शिंतोड्यांतून हवेत पसरतात, आणि ७२ अंशांच्या पाश्चरायझेशनमध्ये सगळे मरत नाहीत. फाज मारायला स्पिरिटवर भिस्त ठेवू नका. आधी भांडी घासून, मग क्लोरीन किंवा पेरासेटिक ॲसिड वापरा. निवळी लगेच खोलीबाहेर काढा. म्हशींना पाजायला नेलीत, तर तो कॅन पुन्हा दुधाला लावू नका.