तुम्ही चहा घ्या, तोवर टायर बसवतो

मे 2025. भाचीच्या लग्नाला नाशिकहून नागपूरला निघालो होतो. सिन्नरच्या पुढे गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढलो. तिथे गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवतात हे ऐकून होतो, म्हणून आदल्या रात्रीच टॉर्च घेऊन चारही टायर बघितले होते. खाचा भरपूर. वर्षभरापूर्वीच तर टाकले होते, तेही चारच्या चार.

संभाजीनगर मागे पडलं आणि मागून धप धप आवाज यायला लागला. बायको म्हणाली, सिमेंटच्या रस्त्याचे जोड असतील. मलाही तेच वाटलं. पण स्पीड कमी केला तसा आवाजही सावकाश झाला, थांबला मात्र नाही. कडेला घेतली. मागच्या डाव्या टायरवरून हात फिरवला तर वरच्या बाजूला तळहाताएवढा उंचवटा, तव्यावर पोळी फुगते तसा. रबराचा वरचा पट्टा आतल्या तारांपासून सुटत चालला होता. जालन्याचं एक्झिट जवळच होतं, तिथवर 30 च्या स्पीडने रडत रडत आणली. (असं करू नये. मी केलं.)

जालन्यातल्या टायरवाल्याने चाक काढलं, उलटं करून जमिनीवर टाकलं, अंगठा ओला करून आतल्या बाजूचा रबर पुसला आणि विचारलं, "साहेब, हे कधी टाकले?"

"मागच्या वर्षी एप्रिलमध्ये. नवे."

त्याने बोट ठेवलेल्या जागी डीओटी, म्हणजे टायरच्या बाजूवर उमटवलेल्या कोडच्या, लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे होते, 3217. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. 2017 चा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. आमची स्कॉर्पिओ 2017 ची. थोडक्यात, 2017 चे झिजलेले टायर काढून मी 2017 चेच न झिजलेले टायर बसवून घेतले होते, आणि त्याचे रोख 39,200 रुपये मोजले होते. बाकीची तीन चाकंही काढायला लावली. एक 3217, एक 4017, एक 0818. चारही तारखा गाडीच्या आतल्या अंगाला.

आता हे कसं झालं ते सांगतो, कारण नाशिकला टायर घेतले त्या दिवशी दुकानात मला एकाही गोष्टीचा संशय आला नव्हता.

235/65 आर 17 या मापाच्या टायरसाठी दोन-तीन ठिकाणी विचारलं होतं. एका टायरला 12,500 च्या आसपास भाव होता. एका दुकानाने 9,800 सांगितले. शेठ म्हणाले, "बिल कशाला घेता साहेब, 28 टक्के जीएसटी सरकारला द्यायचा का?" (तेव्हा टायरवर 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 18 झालाय.) मला तो माझा फायदा वाटला. खरं तर माझ्या हातात काहीच राहू नये याची ती सोय होती. बिल नसलं की कंपनीची वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून धरतात, हे मला नंतर कळलं. म्हणजे माझ्या टायरांची वॉरंटी मी घ्यायच्या आधीच संपली किंवा संपत आली होती.

मग शेठ म्हणाले, "इथे मशीन बिघडलंय, मागच्या गोडाऊनमध्ये बसवून आणतो. तुम्ही पंख्याखाली बसा, चहा घ्या." चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पाऊण तासाने गाडी आली ती काळीकुळकुळीत टायर मिरवत. नव्या टायरला कागदी स्टिकर असतो, रबराचे बारीक केस असतात. इथे स्टिकर नव्हता, पण केस होते आणि पॉलिश इतकं की हाताला तेलकट लागत होतं. सात वर्षं पडून राहिलेल्या रबरावरच्या बारीक भेगा त्या पॉलिशखाली दिसत नाहीत. खाचा मात्र पूर्ण असतात, कारण टायर रस्त्यावर फिरलेलाच नसतो. कायद्याने खाच किमान 1.6 मिलिमीटर लागते, माझी त्याच्या कितीतरी वर. खाचेवरून झीज कळते, वय नाही, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशीत शिकावी लागली.

एक खुलासा करतो, नाहीतर कुणीतरी भलत्याच दुकानदाराशी भांडेल. बऱ्याच टायरवर तारखेचे आकडे एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूचा कोड अर्धवट असतो. काही टायरना बाहेरची बाजू ठरलेली असते, त्यामुळे तारीख आत जाणं दरवेळी लबाडी नसते. पण टायर रिमवर चढायच्या आधी तो तुमच्यासमोर पडलेला असतो, तेव्हाच बघायचं. बसवून झाला असेल तर मोबाइलचा व्हिडिओ चालू करून, टॉर्च लावून उभ्या गाडीच्या चाकामागे हात घालायचा. तारीख दिसली नाही तर हात काढून गाडी थोडी पुढे घ्यायला सांगायची आणि थांबल्यावर पुन्हा बघायचं.

त्याच बैठकीत "कॅम्बर आउट आहे", म्हणजे चाकाचा कल बिघडलाय, म्हणून 1,800 आणि नायट्रोजनचे वेगळे पैसे गेले. स्क्रीनवर लाल आकडे दाखवले, प्रिंट मागितली तर प्रिंटर बंद. नायट्रोजनबद्दल एवढंच, की आपल्या साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. शिवाय भरलं किती, तर टायरवर छापलेला जास्तीत जास्त दाबाचा आकडा बघून! आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि तो गाडी थंड असताना मोजायचा. सकाळी, पंपापर्यंत दोन-तीन किलोमीटरच्या आत.

पण खरा राग स्टेपनीचा आला. स्कॉर्पिओची स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली लटकते. माझी कधीच रस्त्यावर आली नव्हती, कंपनीतून आली तशी होती. जालन्याच्या पोराने ती खाली सोडली तर रिम माझी, टायर भलत्याच कंपनीचा, कडा खाल्लेला आणि बाजूला जुन्या पंक्चरची पट्टी. "स्टेपनीतही हवा बघून देतो" असं शेठ म्हणाले होते ते आठवलं. आणि हो, मी त्यांना थँक्यू म्हटलं होतं.

जालन्यात मागचे दोन टायर घेतले, 0925 चे, पक्क्या बिलावर. बिलावर टायरचा नंबर लिहून दे म्हटलं तर पोरगा म्हणाला, लिहितोच आम्ही. दोनच नवे टाकायचे तर मागे टाकायचे, मागच्या चाकाची पकड सुटली तर गाडी आवरत नाही, हेही त्यानेच सांगितलं. लग्नाला पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता, पंगती बसल्या होत्या.

नाशिकला परत आल्यावर दुकानात गेलो. शेठ शांतपणे म्हणाले, "साहेब, वर्षभरात तुम्ही कुठे काय बदललं, आम्हाला काय माहीत?" ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला, दुसरा ऑनलाइन पेमेंटचा. दोन्हीला नाही म्हणताना मलाच लाज वाटली. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण आयोगापुढे ठेवणार काय? चहाचा रिकामा कप?

मागच्या महिन्यात पुढचे दोन आणि स्टेपनी बदलायला दुसऱ्या दुकानात गेलो. आधी तारखा वाचल्या, मोबाइलवर फोटो काढले, मग मशीनशेजारीच स्टूल ओढून बसलो. पोरगा म्हणाला, "काका, इथे धूळ आहे, आत पंख्याखाली बसा, चहा सांगतो."

म्हटलं, इथेच आण.